जुलैतली पंचगंगा, मार्चमधली पंचगंगा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, शिरोळ तालुक्यातल्या एका मुलाची उत्तरपत्रिका गेल्या महिन्यात माझ्याकडे तपासायला आली. प्रश्न हवामान न्यायावर, म्हणजे हवामान बदल कुणामुळे झाला आणि त्याचा भार कुणी सोसायचा यावर होता, गुण 15, शब्दमर्यादा 250. उत्तर नीटनेटकं होतं. 1992 ची रिओ परिषद, 2015 चा पॅरिस करार, ‘समान परंतु विभेदित जबाबदाऱ्या’, 2022 मध्ये शर्म अल शेखला मान्य झालेला हानी व नुकसान निधी आणि शेवटी भारताचं 2070 चं नेट झीरोचं उद्दिष्ट. मधोमध एक वर्तुळ, त्यातून निघालेले चार बाण. मध्ये एक वाक्य होतं : ‘हवामान बदलाचा फटका दुर्बल घटकांना अधिक बसतो.’ मी त्याला विचारलं, “कोण रे हे दुर्बल घटक?” तो म्हणाला, “लहान बेटांवरचे देश, मॅडम. मालदीव, तुवालू.”

या मुलाच्या घरात 2019 साली पाणी शिरलं होतं. माळ्यावर चढवलेलं जोंधळ्याचं पोतंसुद्धा भिजलं. म्हशी घेऊन घरचे सगळे छावणीत गेले. 2021 ला पुन्हा तेच. त्याचे वडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं करतात. सातबारा मालकाच्या नावावर आणि मालक राहायला पुण्यात. पंचनामा झाला, पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला गेले. हे सगळं त्यानं मला टपरीवर चहा पिताना सांगितलं. उत्तरपत्रिकेत त्यातला एक शब्द नव्हता. “असलं पेपरात लिहायचं नसतंय ना,” तो म्हणाला.

हे त्याला कुणी शिकवलं? नाव घेऊन कुणाला दोष देता येणार नाही, कारण हे आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं आहे. नोट्स काढणाऱ्यांनी, टेस्ट सिरीज घेणाऱ्यांनी, माझ्यासारख्या उत्तरं तपासणाऱ्यांनी. पर्यावरण हा विषय आम्ही असा लावून दिला की अन्याय नेहमी लांब कुठेतरी घडतो, करणारा नेहमी दुसरा असतो आणि भारताचा विद्यार्थी म्हणून आपण कायम अन्याय झालेल्यांच्या बाकावर बसलेले असतो. उद्या तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी होणाऱ्या माणसाला ही सवय लागणं धोक्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि कोल्हापुरात बसून अभ्यास करणाऱ्याला तर ती लागण्याचं काहीच कारण नाही. आमच्या दारातली पंचगंगा नदी वर्षातून दोन वेळा त्याच्या उलट सांगते.

आधी पावसाळ्यातली नदी पाहू. जुलै उजाडला की इथे प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : राजाराम बंधारा किती फुटांवर? 39 ला इशारा, 43 ला धोका. हे आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 56 च्या वर. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावं तर पुराच्या बातमीत असतातच. 1989 च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा मिळाली, तरी जुनं गाव सुटलेलं नाही, आणि ते का सुटत नाही हा पुनर्वसनाच्या कुठल्याही धड्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. पाणी चढलं की चर्चा खाली कृष्णेवर असलेल्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर येते. त्या धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायला कृष्णा पाणीतंटा लवादानं मुभा दिली, आणि कोल्हापूर-सांगलीचा माणूस त्या आकड्यानं अस्वस्थ होतो. त्या धरणामागे तुंबणाऱ्या पाण्याच्या फुगवट्याचा वाटा किती, आपल्याच धरणांच्या विसर्गाचा किती, नदीकाठच्या भरावांचा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण आपला प्रश्न रास्त आहे : दुसऱ्या कुणाच्या सिंचनासाठी आमची गावं का बुडावीत?

आता तीच नदी होळीच्या सुमाराला बघा. पाणी उतरलेलं, प्रवाह बंधाऱ्यांमागे तुंबलेला, वर केंदाळाची हिरवी सतरंजी. जयंती नाला आणि दुधाळी नाला शहराचं सांडपाणी नदीकडे आणतात. पुढे कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी मिसळतं, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी मिसळतं, वाटेवरच्या गावांची गटारं मिसळतात. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आता कुणाला नवी वाटत नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. पंचगंगेकाठचं हे शहर आज पिण्याच्या पाण्यासाठी मुख्यतः कृष्णेवर अवलंबून आहे. वारणेकडे हात पसरले, तिथल्या गावांनी विरोध केला. दूधगंगेकडे पसरले, तिथेही विरोध झाला. त्या गावांचंही चुकत नाही. आपली नदी नासवून दुसऱ्याच्या नदीवर हक्क कसा सांगायचा?

म्हणजे जुलैत आपण अन्याय सोसणारे असतो आणि मार्चमध्ये करणारे. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शिरोळच्या माणसासाठी कोल्हापूर शहर हाच विकसित देश आहे. वर बसलेला, आधी सुधारलेला, आपली घाण खाली ढकलून मोकळा झालेला. पॅरिसच्या टेबलावर भारत जी ऐतिहासिक जबाबदारीची भाषा बोलतो ती मला मनापासून पटते. जगातल्या सहा माणसांत एक आपला आहे, आणि आजवरच्या एकूण उत्सर्जनात आपला वाटा सरकारी मांडणीप्रमाणे 4 टक्क्यांच्या आसपास. पण हीच भाषा कुरुंदवाड-नृसिंहवाडीच्या माणसानं कोल्हापूरला ऐकवली, तर आपण काय उत्तर देणार आहोत? जो विद्यार्थी अमेरिकेला हा प्रश्न विचारू शकतो आणि आपल्या महापालिकेला विचारू शकत नाही, त्याला हवामान न्याय समजला असं मी म्हणणार नाही.

‘समान परंतु विभेदित जबाबदाऱ्या’ हा शब्दप्रयोगच बघा. मुलं तो मंत्रासारखा घोकतात. अर्थ विचारला की पुन्हा तोच शब्दप्रयोग उलटा करून सांगतात. खरं तर गावच्या जत्रेची वर्गणी गोळा करताना बसलेल्या कुणालाही तो कळतो : वर्गणी घरटी, पण आकडा ऐपतीप्रमाणे. त्यात आणखी एक गोष्ट मिळवायची, ज्यानं बांध फोडला त्यानं माती आधी टाकायची. आणि कोल्हापूरच्या मुलाला तर रिओपर्यंत जायचीही गरज नाही. 26 जुलै 1902 ला राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. सगळ्यांना एकच नियम लावणं म्हणजे न्याय नव्हे, सुरुवातीची रेघ कुणाची कुठे आहे ते आधी बघावं लागतं, हे तत्त्व या शहराच्या दप्तरात रिओच्या 90 वर्षं आधी नोंदलेलं आहे. त्याच महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. पाणी आणि न्याय ही दोन्ही प्रकरणं एकाच माणसाच्या हातून आली आहेत. आमच्या नोट्समध्ये मात्र शाहू महाराज इतिहासाच्या वहीत आणि धरण भूगोलाच्या.

आता कायद्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त पाठांतर तिथे होतं. वन्यजीव 1972, जल 1974, वन 1980, हवा 1981, पर्यावरण 1986, हरित न्यायाधिकरण 2010. ही सनावळी मुलं झोपेतही म्हणतील. 42 वी घटनादुरुस्ती, अनुच्छेद 48-अ, 51-अ (ग). 1991 चा सुभाष कुमार खटला, 1996 चा वेल्लोरचा खटला, प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यावी हे तत्त्व. सगळं बरोबर. पण मग तेरवाडला मासे मरतात आणि पुढे काही होत नाही, ते का, असं विचारलं की वर्ग शांत.

याचं एक उत्तर जल कायद्याच्या कलम 21 मध्ये आहे. ते कुठल्या नोट्समध्ये मी पाहिलेलं नाही. कारखान्याच्या किंवा नाल्याच्या तोंडाशी पाण्याचा नमुना कसा घ्यायचा हे तिथे लिहिलंय. नमुना तपासायला नेणार आहोत याची नोटीस जागेवरच संबंधिताला द्यायची. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही भाग भांड्यात भरून, खूण करून, सील लावून दोघांनी सह्या करायच्या. हे झालं नाही तर तपासणीचा अहवाल कोर्टात पुरावा म्हणून उभा राहत नाही. गावातला एखादा तरुण चिडून बाटलीत काळं पाणी भरतो, फोटो काढतो, बाटली घेऊन कार्यालयात जातो. त्याचा राग खरा असतो, पाणीही खरंच काळं असतं, पण कायद्याच्या दृष्टीनं ती बाटली काहीच सिद्ध करत नाही. तसंच मुदतीचं. पुण्याला हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कलम 14 खालचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि पुरेसं कारण दाखवलं तरी वर 60 दिवसच मिळतात, हे किती जणांना माहीत असतं? मासे मार्चमध्ये मेले, लोक निवेदनं देत राहिले, दिवाळी आली, मुदत संपली. न्याय मिळतो की नाही ते अशा बारक्या ठिकाणी ठरतं. आणि त्या ठिकाणी उद्या आमचीच मुलं बसणार आहेत.

शासन निर्णयांचंही तेच आहे. 2019 च्या महापुरात मोफत गहू-तांदळासाठी अट होती : क्षेत्र दोन दिवसांहून जास्त काळ पाण्याखाली असलं पाहिजे. लोक खवळले, आणि खवळणारच. पण ती अट आभाळातून पडली नव्हती. कुणातरी परीक्षा पास झालेल्या माणसानं आपल्या टेबलावर बसून तिचा मसुदा केला असणार, वरच्यानं वाचला असणार, त्याच्याही वरच्यानं सही केली असणार. दीड दिवस पाण्यात राहिलेल्या घरातलं पीठ खाण्यालायक उरतं का, हा प्रश्न त्या साखळीत कुणालाच पडला नाही. पिकाच्या मदतीला हेक्टरांची मर्यादा असते, ती समजण्यासारखी आहे. पण वाट्यानं करणाऱ्याचं काय? ई-पीक पाहणीतही नोंद होते ती खातेदाराच्याच खात्यावर. मजुरीला जाणाऱ्या बाईचे बुडालेले 20 दिवस कुठल्या रकान्यात लिहायचे? वाहून गेलेल्या म्हशीचं शवविच्छेदन कसं करायचं? हवामान न्याय म्हणतात तो तुवालूच्या किनाऱ्यावर असेलच, पण तो तलाठ्याच्या पंचनाम्याच्या रकान्यांतही आहे.

21 मार्च 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं रणजितसिंह खटल्यात सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद 14 आणि 21 मध्ये आहे. प्रत्येक मुलाच्या वहीत हे वाक्य आहे, लाल शाईनं अधोरेखित. पण तो खटला मुळात माळढोकाचा होता, हे अनेकांना माहीत नसतं. माळढोक उडताना विजेच्या तारांना धडकून मरतात, म्हणून 2021 मध्ये न्यायालयानं राजस्थान-गुजरातमधल्या त्यांच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. 2024 च्या निकालानं तो आदेश सैल केला, कारण सौरऊर्जेच्या प्रकल्पांना त्या तारा हव्या होत्या आणि सौरऊर्जा हवामानासाठी हवी होती. म्हणजे ज्या निकालानं माणसाला नवा हक्क दिला, त्याच निकालात एका पक्ष्याचं संरक्षण कमी झालं. हे बरोबर झालं की चूक, यावर मी माझ्या मुलांशी दोन तास बोलले आणि आमचं एकमत झालं नाही. मला वाटतं, ते दोन तास त्यांच्या तयारीतले सर्वांत उपयोगी होते. नैतिकतेच्या पेपरमधली काल्पनिक प्रकरणं सोडवण्यापेक्षा हे खरं प्रकरण जास्त शिकवतं : दोन्ही बाजूंना पर्यावरणच उभं असताना सही कशावर करायची?

यावर मुलं एक गोष्ट सांगतात आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. वेळ नाही. वयाची मर्यादा डोक्यावर, मेसचं बिल, अभ्यासिकेचं भाडं, घरून येणारे पैसे, लग्न झालेल्या बहिणीनं गुपचूप पाठवलेले पैसे. पूर्वपरीक्षेत येतात रामसर स्थळांच्या जोड्या, कुठला प्राणी कुठल्या यादीत, कुठला करार कुठल्या शहरात. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे पाठांतराला पर्याय नाही. परीक्षेतून पोस्ट मिळाली नाही तर पंचगंगेचं भलं कोण करणार, असं एकीनं मला विचारलं होतं. प्रश्न खरा आहे. पूर्वपरीक्षेपुरतं मी तिचं म्हणणं मान्य करते.

मुख्य परीक्षेत मात्र ते लागू नाही. 2025 च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली. या बदलाला मुलांनी आंदोलनं करून विरोध केला होता आणि त्यांची भीती मला समजत होती. पण एक गोष्ट त्यात आपल्या बाजूची आहे. चार पर्यायांत टिक करायची असते तेव्हा शिरोळच्या मुलाचं पुराचं ज्ञान निरुपयोगी असतं. लिहायचं असतं तेव्हा तीच त्याची शिदोरी असते. महानगरातल्या महागड्या क्लासच्या मुलाकडे पॅरिस करार आहे आणि याच्याकडेही आहे. पण निळ्या रेषेच्या आत घर बांधू नये असं म्हणणं सोपं का आणि तिथून उठून जाणं अवघड का, हे याला आईच्या तोंडून माहीत आहे. 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांत एकदाची लाल. कोल्हापूरच्या बांधकामांचं निम्मं राजकारण या दोन रेषांभोवती फिरतं. मुलं मात्र ‘पूरप्रवण क्षेत्राचे नियमन’ असा मथळा देऊन त्याखाली दुसऱ्या राज्यातलं उदाहरण लिहितात, आणि लिहिताना बसलेली असतात लाल रेषेच्या आतल्या भाड्याच्या खोलीत.

आपल्या अनुभवाची लाज वाटायला लावणारी तयारी ही ग्रामीण मुलांवर होणारा वेगळा अन्याय आहे. आणि तो भाषेतूनही होतो. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी पर्यावरण आघात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पूर्ण अहवाल मात्र इंग्रजीत. त्या सारांशाची मराठी अशी असते की ज्याची जमीन जाणार तो दुसऱ्या पानावर कागद खाली ठेवतो. ही अधिसूचना बदलणारा मसुदा 2020 मध्ये निघाला, तेव्हा तो देशभरातल्या भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. राधानगरी, शाहूवाडीकडे बॉक्साइटच्या खाणींवरून आणि पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रावरून जे वाद होतात, त्यांत लोकांचा अर्धा संताप कागद न समजण्याचा असतो. 2014 पासून त्या क्षेत्राच्या मसुद्यामागून मसुदे निघाले. वायनाडला दरडी कोसळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, 31 जुलै 2024 ला, सहावा निघाला. एवढ्या वर्षांत घाटाखालच्या वाडीत जाऊन, ‘तुमच्या शेतीवर बंदी येणार नाही, खाणीवर येणार आहे,’ एवढं साध्या मराठीत सांगणारा अधिकारी किती ठिकाणी पोचला? मराठी माध्यमातून पर्यावरण शिकणाऱ्या मुलानं ही भाषा आजच घडवायला घेतली पाहिजे. उत्तरपत्रिका म्हणजे तिचा सराव आहे.

प्रश्न काढणाऱ्यांनाही मला सांगायचं आहे. ‘हवामान न्याय म्हणजे काय, चर्चा करा’ असं विचारलंत की चर्चा छापील येणार. एका खालच्या गावानं वरच्या शहराविरुद्ध तक्रार केली आहे, शहराकडे सांडपाणी प्रकल्पाला पैसे नाहीत, कारखान्यावर हजारो शेतकऱ्यांचा ऊस अवलंबून आहे आणि तुम्ही प्रांत आहात, असा प्रश्न द्या. जल कायद्याचं कलम 33-अ कारखाना बंद करायचा, वीज-पाणी तोडायचा आदेश देण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतं. तो ऐन गळिताच्या हंगामात वापरला तर ऊसतोड मजुरांचं काय, हेही विचारा. मुलं लिहितील. मी त्यांना ओळखते.

त्या शिरोळच्या मुलाला मी उत्तर परत लिहायला सांगितलं. तो रविवारी गावी गेला, वडिलांजवळ बसला, तलाठ्यालाही भेटून आला. नवीन उत्तरात वाट्यानं करणारी कुटुंबं होती. चावडीवर पंचांसमोर पेरा कुणी केला याची नोंद घेता येईल अशी सूचना होती. आणि मी न सांगता आलेली एक ओळ होती : ‘आमच्या गावाचा ऊस ज्या कारखान्याला जातो, त्याच्याही पाण्याने ही नदी खराब होते, म्हणून या प्रश्नात आम्हीही दोन्ही बाजूंना आहोत.’ शब्द 250 च्या वर गेले होते. काय कापायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. वर्तुळ आणि बाण त्यानं स्वतःच खोडले.

“मॅडम, मालदीव ठेवू का काढू?” त्यानं विचारलं.

ठेव म्हटलं. फक्त शिरोळच्या खाली घे.